नऊ जण हजर

मंगळवार, १३ एप्रिल २०२१

रविवारच्या झूमवरच्या चित्रांच्या तासाच्या नोंदीत चूक आहे. मी लिहिलंय – ‘तासाला नऊही जण हजर. बाबांचा कॅमेरा बिघडला होता.’ कॅमेरा बिघडला हे मी पाहिलेलं नाही. आईने सांगितलं. मी पाहिलं ते एवढंच : बाबांच्या नावाचा काळा चौकोन, आणि तास संपल्यावर वीस मिनिटांनी आलेला त्यांच्या चित्राचा फोटो. ऐकलेलं आणि पाहिलेलं मी एकाच ओळीत घातलं.

खोडत नाही. आमच्या घरात खोडरबर नव्हताच कधी. दम्यामुळे दहाव्या वर्षापर्यंत मी शाळेत गेले नाही. बाबाच माझी शाळा. ते हायस्कुलातून ड्रॉइंग शिकवून दुपारी घरी आले की स्वयंपाकघरात पाट मांडायचा, त्यावर कागद, कोळसा. पलीकडे आई पोळ्या करत असायची. रेघ चुकली तर पुसायची नाही, शेजारी बरोबर रेघ काढायची. “चुकलेली राहू दे गं भार्गवी. तू कुठून आलीस ते तीच सांगते.” म्हणून ही नोंद शेजारी.

आज पाडवा. गुढीचा फोटो आला नाही. दरवर्षी सकाळी सातला येतो! विचारलं तर आई म्हणाली, “अगं, राहूनच गेलं.” बाबांना दे म्हटलं. “त्यांचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून सांगितलंय.”

चार तारखेला मात्र बोलत होते. थोडं खोकत, पण बोलत होते. चपला कॅमेऱ्यासमोर धरल्या – “बघ, याचा अंगठा नवा, त्याचा जुना. एक जाड, एक बारीक! दुरुस्तीवाल्याकडे सारखं चामडंच नव्हतं.” तास संपल्यावर म्हणाले, “थांब जरा, तुला एक सांगायचंय.” मी म्हटलं, “बाबा, प्रबंधाचं प्रकरण संपवायचंय, उद्या बोलू.” आणि बंद केलं.

उद्या बोललो नाही. हेही लिहून ठेवते.

गुरुवार, १५ एप्रिल

तिसरं प्रकरण तेवीसला द्यायचं. दिवसभर त्याच वहीचे फोटो पाहतेय.

फिलाडेल्फियाचा ‘गुरुवार स्केच क्लब’. नऊ बायका. त्या काळी अमेरिकेत चित्रकारांचे क्लब पुष्कळ – जेवणं, सिगार, प्रदर्शनं, मोठमोठे ठराव – पण बहुतेकांची दारं बायकांना बंद. मग बायकांनी आपले काढले. घटना, नियम, चिटणीस, सगळं पुरुषांसारखंच, किंबहुना जास्तच काटेकोर. नवा सभासद घ्यायचा तर पेटीत पांढरा किंवा काळा गोळा टाकायचा. एक काळा पडला की नाव बाद. दर गुरुवारी एकीच्या घरी जमायचं. यजमानीण विषय सांगणार, सगळ्यांनी एक तास काढायचं, आणि सगळी चित्रं यजमानणीकडे राहणार. चित्रावर नाव घालायचं नाही – ओळखीने डावं-उजवं होऊ नये म्हणून. चिटणीस मिस हॅरिएट डोन. त्या म्हातारपणी इकडे हेगला भाचीकडे राहायला आल्या आणि वह्या इथेच राहिल्या. म्हणून मी न्यूनेनसारख्या डच गावातल्या खोलीत बसून फिलाडेल्फियाची इतिवृत्तं वाचतेय. हेगचा संग्रह वर्षभर बंद. एका भल्या माणसाने पानं फोटो काढून पाठवली.

१९१८चा ऑक्टोबर. इन्फ्लुएंझा. शहरात चर्च बंद, थिएटरं बंद. क्लब मात्र चालू, टपालाने! विषय पत्राने कळवायचा, गुरुवारी रात्री आठला प्रत्येकीने आपापल्या घरी बसायचं, चित्र पाकिटात घालून यजमानणीकडे पाठवायचं. आणि दर गुरुवारच्या पानावर मिस डोनच्या बारीक अक्षरात – ‘नऊ जणी हजर.’ माझं अख्खं प्रकरण या तीन शब्दांवर उभं आहे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हे बाबांना सांगितलं तर उडालेच. आठवड्यात त्यांनी राज्यभरचे जुने ड्रॉइंग टीचर गोळा केले. दर रविवारी पाच वाजता – इथे दीड – झूमवर तास. नाव न घालता चित्र, फोटो ग्रुपवर, मूळ कागद टपालाने यजमानाकडे. पांढऱ्या गोळ्याऐवजी खडू, काळ्याऐवजी कोळसा कॅमेऱ्यासमोर धरायचा. मी धरून नऊ. मी चिटणीस.

पहिल्या दिवशी बाबा आतल्या बाजूला ओरडून म्हणाले होते, “नीलिमा, तू ये की दहावी!” आई आतूनच, “मी काय काढू? रांगोळी?” सगळे हसले. मीही. इतिवृत्तात मी लिहिलंय – ‘हशा.’

रविवार, १८ एप्रिल

आज यजमान मी. विषय दिला : ‘दाराशी’.

बाबांचा चौकोन काळाच. वृंदामावशी रत्नागिरीहून चिडवत होत्या – बाबांच्या आर्ट स्कूलच्या वर्गमैत्रीण त्या – “काय रे चंद्या, दाढी केली नाहीस की काय? तोंड दाखव!” उत्तर नाही. मग आईचा मेसेज : ‘ते काढतायत. आवाज बंद ठेवलाय.’

तिकडच्या सहा वाजून पंचवीस मिनिटांनी चित्र आलं. उंबऱ्याशी चपलांचा जोड. बस्स, एवढंच. बाकी सगळा कागद रिकामा. बाबा एवढी जागा सोडत नाहीत कधी. कोपऱ्यात कुंडी तरी घालतातच. वृंदामावशींनी लिहिलं, ‘वा! म्हातारपणी शहाणा झालास.’

हजेरी लिहिली. नऊ जण हजर. लिहिताना हात अडला. फोटो मोबाइलवर नीट दिसतही नाही. पण चित्र आलं म्हणजे माणूस हजर – हाच नियम आहे ना?

सोमवार, १९ एप्रिल

मिस एडिथ कार्व्हर. नऊपैकी एक. आज एका जुन्या वर्तमानपत्राच्या स्कॅनमध्ये सापडल्या. मृत्यू शनिवार, १२ ऑक्टोबर १९१८. वय एकतीस.

सतराच्या गुरुवारी ‘नऊ जणी हजर.’ चोवीसलाही.

तीनदा पडताळलं. पत्ता तोच. वडिलांचं नाव तेच. ज्या नोंदीवर मी प्रकरण उभं केलं ती खोटी आहे. आईला फोन केला, उचलला नाही.

बुधवार, २१ एप्रिल

दादा आला होता. फेल्डहोवनहून सायकलने, कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. तेव्हाच कळायला हवं होतं. वर ये म्हटलं. “नको, इथेच बरं.” अंगणात सायकल धरून उभा. मास्कच्या वर फक्त डोळे.

“बाबा अ‍ॅडमिट आहेत. नऊ तारखेपासून. काल व्हेंटिलेटरवर घेतलं.”

“तुला कधी कळलं?”

“नऊला.”

“दादा!”

“आईने शपथ घातली. तुझं प्रकरण तेवीसला. आणि तू… गेल्या वर्षी साध्या शिंकेसाठी हाउसआर्ट्सच्या दवाखान्यात तीनदा फोन केलेस तू. डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या, बहीण बरी आहे ना म्हणून.”

खरं आहे.

आईसुद्धा पॉझिटिव्ह. तिला त्रास कमी, म्हणून घरातच. एकटी. बाबांना स्ट्रेचरवर नेलं तेव्हा तिला दाराबाहेरही येऊ दिलं नाही.

“मग रविवारची चित्रं?” मी विचारलं.

“ते काय मला माहीत? जुनं गाठोडं सोडलं असेल तिने. तुला संशय नको म्हणून.”

म्हणजे अकरा तारखेला आणि अठराला बाबा नव्हते. मी दोनदा खोटी हजेरी लिहिली. जाताना दादा म्हणाला, “चिडलीस?” मी मान हलवली. कुठल्या बाजूला ते आता आठवत नाही.

शुक्रवार, २३ एप्रिल

प्रकरण पाठवलं. ‘नऊ जणी हजर’ वरचे सहा परिच्छेद काढले. त्या जागी लिहिलं की क्लबची प्रतिष्ठा राखण्यासाठी चिटणिसाने मृत सभासदाच्या नावावर जुनी चित्रं दाखवली आणि खोटी नोंद केली. राग होता, तो सगळा मिस डोनवर काढला.

तिकिटांची पानं उघडून बसले. दादा म्हणतो सोमवारपासून तिकडची विमानं बंद, गेलीस तर परत कधी येशील सांगता येत नाही. आई म्हणते येऊ नको, आलीस तरी घरात घेणार नाही. मी नुसती बसून राहिले. बसलेच.

शनिवार, २४ एप्रिल

बाबा गेले. सकाळी, तिकडच्या नऊ वाजून दहा मिनिटांनी. आम्ही कोणीच नव्हतो.

मंगळवार, २७ एप्रिल

आज इथे राजाचा वाढदिवस. समोरच्या घरावर नारिंगी पताका. मी दादाकडे आहे. सुरुचीवहिनीने वरणभात केला. कोणी जेवलं नाही. ईशान पाच वर्षांचा. मराठी समजतं, उत्तरं डच. माझ्या मांडीवर येऊन बसला आणि म्हणाला, “आजोबा डोट?” डोट म्हणजे मेलेले. वहिनी त्याला ओढून नेऊ लागली. मी म्हटलं, “राहू दे. बरोबर विचारतोय तो.” हो म्हणून सांगितलं. मग त्याने नारिंगी खडूने एक वर्तुळ काढलं, त्याला पाय काढले, आणि मला दिलं.

बाबांना नगरपालिकेच्या माणसांनी नेलं. आईने फोनवर पाहिलं. आवाज बंद होता म्हणाली.

शनिवार, १ मे

काही नाही.

रविवार, ९ मे

तास पुन्हा सुरू. आठ जण. वृंदामावशींनीच लावून धरलं – “चंद्या असता तर म्हणाला असता, रडायला आठवडा पुरे, कोळसा घ्या.” मग स्वतःच रडल्या. मग म्हणाल्या, “आणि हे बघा, मी गेले तर माझं शेवटचं चित्र कोणी छापू नका. मला मोबाइल उभा धरता येत नाही, सगळं आडवं येतं.” हसू आलं सगळ्यांना. ते हसणं भयंकर होतं.

मग ठरलं. बाबांच्या आठवणीची छोटी पुस्तिका काढायची. मुखपृष्ठावर अठरा एप्रिलच्या चपला. “शेवटच्या आठवड्यापर्यंत हात चालत होता त्याचा! आणि भार्गवीने इतिवृत्तात लिहून ठेवलंय, पुरावा आहे!” आई त्यांना सांगून बसलीय की बाबा दोनच दिवस आजारी होते. फट्‌कन गेले. त्यांना ते गोड वाटतंय.

मी तोंड उघडलं. मिटलं. चिटणीस म्हणून तेवढंच काम केलं आज.

गुरुवार, २० मे

आईशी तासभर बोलले. तिला सांगितलं, मी नोंद दुरुस्त करणार. अकरा आणि अठरा, बाबा गैरहजर. चित्रं जुनी होती हेही लिहिणार. खोट्या हजेरीवर पुस्तिका निघता कामा नये. बाबांनीच मला शिकवलंय –

“काय शिकवलंय ते मला सांगू नको. तुझं शिक्षण माझ्यासमोर झालंय.”

“मग आई, ती जुनी होती ना चित्रं?”

पंख्याचा आवाज येत होता. मग – “राहू दे ना भार्गवी. लोक म्हणतायत शेवटपर्यंत काढत होते. ते माझ्या कानांना बरं वाटतं. तुला काय त्याचं होतंय?”

आई माझ्याकडे कधी काही मागत नाही. पहिल्यांदा मागितलं ते हे.

आणि मला होतंय. मिस डोनला मी लबाड म्हटलं, तेही छापील अक्षरात, मार्गदर्शक बाईंना पाठवून. त्यांचं उत्तर आलं : ‘तीक्ष्ण वाचन. शाब्बास.’ मग स्वतःची वही तशीच ठेवायची? का? आपलं माणूस आहे म्हणून? एडिथ कार्व्हरही कुणाचं तरी माणूस असेल.

पण आई त्या घरात एकटी आहे. ज्या वाक्याने तिला झोप लागते ते मी काढून घ्यायचं?

छातीत आवळल्यासारखं होतंय. पंप घेतला. पुन्हा लिहायला बसले, सुचलं नाही.

शनिवार, २९ मे

पुस्तिका पंधरा जूनला छापायला जाणार. वृंदामावशींचा मेसेज : ‘चिटणीसबाई, इतिवृत्तातलं ते पान टाइप करून द्या.’ उत्तर दिलेलं नाही. संध्याकाळी सायकलने गावात चक्कर. ज्या चित्रकाराच्या नावाच्या पाट्या इथे कोपऱ्याकोपऱ्यावर आहेत, त्याचं घर बघायला बाबा येणार होते. ‘मला फक्त त्या घरासमोर अर्धा तास उभं राहायचंय’ – असं म्हणायचे. मी उभी राहिले अर्धा तास, घड्याळ लावून. काय करायचं असतं उभं राहून, ते विचारायचं राहिलं.

शनिवार, ५ जून

टपाल आलं. अठरा एप्रिलचा यजमान मी होते, म्हणून मूळ कागद माझ्याकडे. मी विसरलेच होते. आई विसरली नव्हती. पाकिटावर तिचं अक्षर, शिक्का तेवीस एप्रिलचा. बाबा जायच्या आदल्या दिवशी ती मास्क लावून कुणाकडून तरी हे पाठवत होती, कारण नियम तसा आहे.

चपला उघडून ठेवल्यात समोर. पाहिलं ते लिहिते. फक्त पाहिलेलं.

एक. उजव्या चपलेचा अंगठा जाड आहे, डावीचा बारीक. तो अंगठा बाबांनी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बदलून आणला. चारला मला दाखवला. मग हे चित्र जुन्या गाठोड्यातलं नाही. असूच शकत नाही.

दोन. नऊ तारखेपासून बाबा हॉस्पिटलात. मग त्यांचंही नाही.

तीन. टाचेजवळ कोळसा पुसलाय. एकदा नाही, चार-पाचदा. कागद तिथे गुळगुळीत झालाय, आणि एक पिवळट, तेलकट ठिपका आहे. नखाने खरवडला. कणीक.

आमच्या घरात खोडरबर नव्हता. पण बाबा धड्यात सांगायचे की जुने चित्रकार पावाच्या मऊ गाभ्याने कोळसा उचलायचे. मी पाटावर बसून ऐकत होते. पलीकडे कोणी तरी पोळ्या लाटत ऐकत होतं.

‘जुनं गाठोडं’ दादा म्हणाला होता. आई कधीच म्हणाली नव्हती. मी पुन्हा ऐकलेलं पाहिल्यासारखं लिहिलं, आणि ते मिस डोनवरही लादलं. एडिथच्या पाकिटातलं चित्र जुनं होतं हे मी कुठे पाहिलं? कुणाच्या हातचं, हे मी विचारलंच नाही. कदाचित त्या घरातही कुणी ऐकत बसलं असेल.

रविवार, ६ जून

सकाळी आईला दोन्ही चित्रांचं विचारलं. हो म्हणाली. “त्यांना उचलून नेलं, चपला दाराशीच राहिल्या. तू विषय दिलास ‘दाराशी’. मला दुसरं काय दिसणार? टाच जमेना, म्हणून पुसली. त्यांना सांगू नको हं.”



मी म्हटलं, तुझं नाव सुचवते. तिने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. “रविवारी कणीक जरा आधीच मळून ठेवीन,” म्हणाली.

पुढचा रविवार, १३ जून. इथे दीड, तिकडे पाच. दुरुस्ती वाचून दाखवीन : ११ आणि १८ एप्रिल, चंद्रहास गैरहजर. नीलिमा हजर. नऊ जण होते. आणि मग खडू कॅमेऱ्यासमोर धरीन.